ब्रुंडिबार (संगीतिका)

ब्रुंडिबार ही हान्स क्रासा यांनी १९३८ साली संगीतबद्ध केलेली चेक बालसंगीतिका (ऑपेरा) आहे. तिची संहिता आडोल्फ हॉफमाइस्टर यांची आहे. दुसऱ्या महायुद्धात तेरेझिन येथील नाझी बंदिवासातील ज्यू मुलांनी तिचे ५५ प्रयोग केले.

कथानक

पेपिचेक व अनिंका ही पितृहीन भावंडे आहेत. आजारी आईला दूध हवे, परंतु त्यांच्याजवळ पैसे नाहीत. ती बाजारात गाऊ लागतात, तेव्हा रस्त्यावर वाद्य वाजवणारा ब्रुंडिबार त्यांना हुसकावून लावतो. चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातील मुले त्यांच्या मदतीला येतात. सर्व जण मिळून ब्रुंडिबारचा पराभव करतात व विजयगीताने शेवट होतो.

तेरेझिनमधील प्रयोग

पहिला प्रयोग १९४२ साली प्राग येथील ज्यू अनाथाश्रमात गुप्तपणे झाला. तत्पूर्वीच क्रासा यांची तेरेझिनला रवानगी झाली होती. पुढे आश्रमातील मुलेही तेथे आली. छावणीत उपलब्ध असलेल्या वादकांसाठी क्रासा यांनी वाद्यरचना नव्याने केली. २३ सप्टेंबर १९४३ रोजी तेथील पहिला प्रयोग झाला. नेपथ्य फ्रांटिशेक झेलेंका यांचे, तर संगीतसंचालन रुडॉल्फ फ्रॉइडेनफेल्ड यांचे होते. संहितेत युद्धाचा वा ज्यूंचा उल्लेख नाही. तरीही मिशीवाल्या ब्रुंडिबारमध्ये प्रेक्षकांना हिटलर दिसत असे. बालकलाकारांना पूर्वेकडील छावण्यांत पाठवले जाई आणि त्यांच्या भूमिका दुसरी मुले करीत.

प्रचारासाठी वापर

२३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे शिष्टमंडळ तेरेझिनला आले. त्याआधी छावणीची रंगरंगोटी करण्यात आली व पाहुण्यांना ही संगीतिका दाखवण्यात आली. नंतर काढलेल्या प्रचारपटातही तिचे दृश्य घेण्यात आले. मुलांसाठी जे घटकाभराचे बालपण होते, तेच सत्ताधाऱ्यांनी नरसंहार झाकणारा पडदा म्हणून वापरले. सप्टेंबर व ऑक्टोबर १९४४ मध्ये बहुतेक कलाकारांना आउश्वित्झला पाठवण्यात आले. १७ ऑक्टोबर रोजी क्रासा यांची तेथे हत्या झाली. मुलांपैकी फारच थोडी वाचली.

वारसा

मांजराची भूमिका करणाऱ्या एला वाइसबर्गर युद्धातून बचावल्या व पुढे अनेक वर्षे आपल्या आठवणी सांगत राहिल्या. २००३ साली टोनी कुशनर व मॉरिस सेंडाक यांनी या कथेवर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. आज अनेक देशांत शालेय मुले ही संगीतिका सादर करतात.