‘अरित्र’ म्हणजे नेमकं काय? वल्हं की सुकाणू?

बाळाचं नाव ठरवताना ‘अ’वरून सुरू होणाऱ्या नावांच्या याद्या आजकाल व्हॉट्सॲपवर सहज मिळतात. त्यात ‘अरित्र’ हे नाव तुम्ही पाहिलं असेल. बंगाली घरांत ते चांगलंच रुळलेलं आहे, आता मराठी घरांतही ऐकू येतं. अर्थाच्या रकान्यात मात्र कुठे ‘योग्य दिशा दाखवणारा’ असं लिहिलेलं असतं, तर कुठे ‘नावाडी’. मूळ शब्द होडीशी संबंधित आहे, हे नक्की. पण तो होडीच्या कोणत्या भागाचा?

मूळ अर्थ : वल्हं

‘अरित्र’ हा शब्द थेट ऋग्वेदात सापडतो आणि तिथे त्याचा अर्थ वल्हं असा आहे. पहिल्या मंडलातल्या ११६व्या सूक्तात तुग्राचा मुलगा भुज्यू याची कथा येते. आधाराला काहीच नसलेल्या समुद्रात तो अडकतो आणि अश्विनीकुमार त्याला नावेतून घरी आणतात. या नावेसाठी ‘शतारित्र’ असं विशेषण वापरलं आहे, म्हणजे शंभर वल्ह्यांची नाव. एका नावेला शंभर सुकाणू असणार नाहीत, त्यामुळे इथे अर्थाबद्दल शंका उरत नाही.

याच कुळातला दुसरा शब्द ‘अरितृ’, म्हणजे वल्हवणारा. दुसऱ्या मंडलात एका पक्ष्याबद्दल म्हटलं आहे की, वल्हवणारा जशी नाव पुढे लोटतो, तसा तो आपला आवाज पुढे लोटतो.

शब्द तयार कसा झाला?

‘अरि’ म्हणजे शत्रू आणि ‘त्र’ म्हणजे रक्षण करणारा, अशी फोड करण्याचा मोह होतो. पण संस्कृत व्याकरण ती मानत नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक सूत्र आहे (३.२.१८४). त्यानुसार काही धातूंना ‘इत्र’ हा प्रत्यय लागून साधनाचं नाव तयार होतं. ‘खन्’ म्हणजे खणणे, त्यापासून ‘खनित्र’, म्हणजे खणण्याचं अवजार. ‘लू’ म्हणजे कापणे, त्यापासून ‘लवित्र’, म्हणजे विळा. तसंच गती दाखवणाऱ्या ‘ऋ’ धातूपासून ‘अरित्र’, म्हणजे नाव चालवण्याचं साधन. आपल्या ओळखीचा ‘चरित्र’ हा शब्दही याच सूत्रात ‘चर्’ धातूपासून येतो. म्हणजे ‘अरित्र’ आणि ‘चरित्र’ यांचं यमक योगायोगाने जुळलेलं नाही, दोन्ही शब्द एकाच साच्यातले आहेत.

मग सुकाणू हा अर्थ कुठून आला?

अमरसिंहाच्या ‘अमरकोशा’तून. त्यातल्या वारिवर्गात, म्हणजे पाण्याशी संबंधित शब्दांच्या भागात, वल्ह्यासाठी ‘नौकादंड’ आणि ‘क्षेपणी’ हे शब्द दिले आहेत. ‘अरित्र’ मात्र ‘केनिपातक’ या शब्दाच्या जोडीला बसवला आहे. ‘क’ म्हणजे पाणी, म्हणून केनिपातक म्हणजे पाण्यात सोडलेलं. त्याचा अर्थ सुकाणू.

हा बदल समजायला जुन्या नावा डोळ्यांसमोर आणा. बिजागरीवर फिरणारं सुकाणू सर्वत्र रूढ होण्याआधी नाव वळवायला मागच्या बाजूला एक मोठं वल्हंच धरत. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. त्यालाही मागे दिशा देणारी वल्ही दिसतात. लहान होडीत तर आजही एकाच वल्ह्याने होडी पुढेही नेता येते आणि वळवताही येते. वस्तू एकच, कामं दोन. त्यामुळे एका कामाचं नाव दुसऱ्या कामाला लागलं.

असं इतर भाषांतही झालं का?

हो. इंग्रजीत सुकाणूला ‘रडर’ म्हणतात. त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ वल्हं किंवा दिशा देणारं वल्हं असा होता. ‘रडर’ आणि वल्हवणे या अर्थाचा ‘रो’ हे एकाच मुळातले शब्द. त्याच प्राचीन मुळातून ग्रीक ‘एरेत्मोन’ आणि लॅटिन ‘रेमुस’ हे वल्ह्याचे शब्द आले, आणि भाषाशास्त्रज्ञ ‘अरित्र’ही याच कुटुंबात धरतात. तीन ओळींत वल्हेकरी बसवलेल्या युद्धनौकेचं ‘ट्रायरीम’ हे नाव या ‘रेमुस’वरूनच पडलं.

हिंदीतही ‘पतवार’ म्हणजे खरं तर सुकाणू, पण बोलताना अनेक जण तो वल्ह्यासाठीच वापरतात. मराठीत हा गोंधळ कमी आहे. वल्हं ते वल्हं, आणि ‘सुकाणू’ हा अरबी ‘सुक्कान’वरून आलेला वेगळा शब्द.

मग नावाचा अर्थ काय सांगायचा?

‘अरित्र’ म्हणजे वल्हं, हा सर्वांत जुना अर्थ. ‘सुकाणू’ हा नंतरचा, पण कोशाचा आधार असलेला अर्थ. ‘दिशा दाखवणारा’ हा सुकाणूवरून काढलेला भावार्थ म्हणून चालेल, शब्दार्थ म्हणून नाही. ‘नावाडी’ म्हणायचं असेल तर शब्द ‘अरितृ’ आहे. आणि ‘शत्रूपासून वाचवणारा’ असा अर्थ कोणी पाठवला, तर पुढे पाठवण्याआधी त्यांना ‘खनित्र’ आणि ‘चरित्र’ यांची आठवण करून द्या.