जवसाची लांबी

दुधनी सीमेवरचं गाव. जवसाला कानडी बोलणारे अगसी म्हणतात. ताटात त्याची चटणी, अन् कपाटाच्या लाकडालाही त्याचंच तेल. अण्णांनी कडुनिंबाच्या फळ्यांचं फडताळ घरीच केलं, तेव्हा रंगापेक्षा जास्त दिवस लांबीला गेले. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळायची, भेगांत दाबायची आणि थांबायचं. हे तेल उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. घाई केली की वरचा रंग सुरकुततो. मग काचपेपर, लाकडाच्या रेषेनं. रंगाचा पातळ हात, पुन्हा काचपेपर. “डोळ्यानं न्हाई, तळहातानं बघ,” अण्णा म्हणायचे.

त्या काळच्या कितीतरी ऑइलपेंटांत शिसं असायचं, आणि फडताळात तर भाकरीची टोपली. घरगुती रंगांत शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ साली झाला, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू.

आता नातवाला तेच फडताळ नव्यानं रंगवायचंय. त्याला सांगितलंय, जुना रंग कोरडा घासू नको. अंगणात ने, वॉटरपेपर घे, पाणी मारत घास. अन् पोरांना तिकडं फिरकू देऊ नको.