स्वीडनच्या नगररचनेत लाकडाचे पुनरागमन

इसवी सन 1888 च्या जून महिन्याच्या 25 तारखेस स्वीडनच्या उत्तर भागातील सुंड्सवाल व उमेओ ही दोन नगरे एकाच दिवशी आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. सुंड्सवाल हे लाकूड चिरण्याच्या गिरण्यांवर पोसलेले बंदर होते. ज्या वस्तूवर त्याची श्रीमंती उभी होती तीच वस्तू त्याने आपल्या मध्यवस्तीतून हद्दपार केली, आणि तेथील घरे दगड-विटांनी नव्याने उभारली. उमेओने रुंद रस्ते आखून त्यांच्या दुतर्फा भूर्जवृक्ष लावले, ते आगीने रस्ता ओलांडू नये म्हणून. लाकडाचा धसका घेतलेल्या गावाने संरक्षणासाठी झाडांचाच आश्रय करावा, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

या आगींपूर्वीच, 1874 च्या नगरबांधणीविषयक अधिनियमाने, दोन मजल्यांहून उंच लाकडी घरांस नगरांत मनाई झालेली होती. ती पुढे तब्बल 120 वर्षे टिकली. या मनाईची भाषा लक्षात घेण्याजोगी आहे. घराने आगीत किती वेळ तग धरावा, हे अधिनियम सांगत नव्हता. कोणता पदार्थ वापरू नये एवढेच तो सांगत होता. अशा भाषेतून पळवाट निघते, तशी ती गोथेनबर्ग येथे निघाली. तेथील कामगारवस्त्यांत तळमजला दगड-विटांचा व त्यावर दोन मजले लाकडाचे, अशी तीन मजली घरे 1870 च्या दशकापासून बांधली जाऊ लागली. लाकडाचे मजले दोनच, म्हणून अक्षरार्थाने नियमभंग नाही! प्रांताधिपतीने या अर्थास मान्यता दिली, आणि त्या घरांना त्याच्याच पदाचे नाव पडले.

लाकूड परत आले ते नव्या सरसामुळे किंवा केवळ निसर्गप्रेमामुळे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. 1994 मध्ये स्वीडनने युरोपीय बाजारपेठेशी जुळवून घेताना आपल्या बांधकामनियमांची वाक्यरचनाच बदलली. पदार्थाचे नाव जाऊन त्या जागी अपेक्षित कार्य आले: इमारतीने अमुक काळ भार पेलला पाहिजे, रहिवाशांस बाहेर पडता आले पाहिजे. हे साधणारा पदार्थ कोणताही चालेल. उंच लाकडी इमारतीस दार उघडले ते या बदलाने.

सुदैवाने याच सुमारास ऑस्ट्रिया व जर्मनीत, विशेषतः ग्राट्स येथील तंत्रविद्यापीठात, फळ्यांचे थर एकमेकांस आडवे-उभे चिकटवून मोठे फलक बनविण्याचे तंत्र परिपक्व होत होते. तुळई, वासा, फळी ही मराठीतील नावे लाकडाच्या सुट्या अवयवांची आहेत. अखंड भिंत हाच लाकडाचा एक अवयव, या कल्पनेस आपल्याकडे अजून शब्द नाही. जाड लाकूड पातळ लाकडासारखे भडकत नाही. त्याचा पृष्ठभाग मिनिटास सुमारे 0.65 मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातो, आणि तो कोळसाच आतील गाभ्याचे रक्षण करतो. किती जाडी जळेल हे आधी मोजता येत असल्यामुळे तेवढी जाडी आरंभीच वाढवून ठेवता येते. 1888 च्या घरांना ही सोय नव्हती.

स्मोलांड प्रांतातील व्हेक्शे या नगराने याचा लाभ सर्वांत निर्धाराने घेतला. स्वतः हे नगर 1843 मध्ये जळालेले. 1996 मध्ये त्याने खनिज इंधनाचा त्याग करण्याचा ठराव केला, आणि 2005 मध्ये लाकडी बांधकामास उत्तेजन देणारे धोरण स्वीकारले. 2009 मध्ये तेथे लिम्नोलोगेन हा 134 सदनिकांचा, चार आठमजली इमारतींचा समूह पूर्ण झाला. त्यात तळमजला काँक्रीटचा व वरचे सात मजले लाकडाचे आहेत. गोथेनबर्गच्या जुन्या घरांची आठवण येथे व्हावी. बांधकाम चालू असता लाकूड भिजू नये म्हणून इमारतीवर तंबू उभारून तो मजल्यागणिक वर चढवावा लागला. पाणी हा लाकडाचा आगीइतकाच जुना शत्रू आहे, याकडे प्रचारकांचे दुर्लक्ष होते.

पुढे 2020 पर्यंत नगरपालिकेची निम्मी नवी बांधकामे लाकडाची असावीत, असे उद्दिष्ट व्हेक्शेने ठेवले. येथे एक विसंगती उद्भवते. पदार्थाचे नाव नियमातून काढल्यामुळेच ज्याचा प्रवेश झाला, त्याच्याच नावाने आता धोरण लिहिले जाऊ लागले. स्वीडनमधील काँक्रीट व्यवसायाने पदार्थनिरपेक्षतेचा आग्रह धरला, तो स्वार्थाचा असला तरी तर्कास सोडून नव्हता. सिमेंटच्या उत्पादनातून होणारे उत्सर्जन मोठे आहे, हे खरे. परंतु वृक्षतोड झालेल्या अरण्याचा हिशेबही त्याच वहीत मांडला पाहिजे.

1 जानेवारी 2022 पासून स्वीडनमध्ये बहुतेक नव्या इमारतींच्या बांधकामातून किती हरितगृहवायू बाहेर पडतात, याचे निवेदन देणे कायद्याने आवश्यक झाले. या कायद्यात लाकडाचे नाव नाही, काँक्रीटचेही नाही. लाकडात साठून राहिलेला कार्बन मात्र या हिशेबात वजा धरला जात नाही. आणि तो धरावा की न धरावा, हाच आता लाकडाच्या कैवाऱ्यांचा मुख्य वाद होऊन बसला आहे.