सत्पात्रतेची कसोटी

एखादी व्यक्ति दान करते तेव्हां घेणारा पात्र कीं अपात्र हा प्रश्न दात्याच्या विवेकावर राहतो. दाता जेव्हां राज्यसंस्था असते, तेव्हां विवेकाची जागा नियम घेतो. आणि नियम आला म्हणजे कसोटी आलीच. सरकारी साहाय्यासाठीं अर्ज करणाऱ्या गरिबांची मादक द्रव्यांची चाचणी घ्यावी कीं नाहीं, हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९६ पासून चालत आलेला वाद वरवर पाहतां आधुनिक रसायनशास्त्राची निपज वाटतो. वस्तुतः त्याचीं मुळें चारशें वर्षांपूर्वींच्या इंग्लंडांत आहेत.

इंग्लंडांत १६०१ च्या दरिद्रपोषणाच्या कायद्यानें गरिबांचा भार प्रत्येक पॅरिशवर टाकला, आणि त्याचबरोबर असमर्थ गरीब व धडधाकट गरीब असा भेद केला. १८३४ सालीं या कायद्यांत सुधारणा झाली, तेव्हां तिचें मूळ तत्त्व असें होतें कीं, साहाय्य घेणाऱ्याची स्थिति बाहेरच्या अगदीं हलक्या मजुराहून वरचढ असतां कामा नये. त्यासाठीं वर्कहाऊस नांवाचीं दरिद्रगृहें पुढें आलीं. तेथें नवरा, बायको व मुलें यांची ताटातूट होई, जाडेंभरडें अन्न मिळे व कष्टाचें काम करावें लागे. जो हें सर्व पत्करील तोच खरा गरजू, अशी ही कसोटी. गरजेचा पुरावा गरजेंत न शोधतां अपमान सोसण्याच्या तयारींत शोधावयाचा, ही कल्पना येथें शासनमान्य झाली.

तिची झळ आपल्या प्रांतालाही लागली. १८७६-७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें मजुरी एक पौंड धान्याच्या हिशोबावर आणली गेली, आणि गांवाजवळचीं लहान कामें सोडून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर पाठविण्यांत आलें. १८७७ सालीं मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडून दिलीं, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या मजुरीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. लोक काम सोडून गेले याचा अर्थ ते उपाशी नव्हते, असें म्हणणारे अधिकारी तेव्हांही होते. कसोटींत न उतरणारा तो गरजू नव्हेच, असें ठरविणें फार सोपें असतें.

आतां अमेरिकेकडे वळूं. १९३५ पासून तेथील निर्धन मुलांच्या कुटुंबांना जो साहाय्याचा हक्क होता, तो १९९६ च्या कायद्यानें संपुष्टांत आला. त्याच कायद्यानें घटक राज्यांना अर्जदारांची मादक द्रव्यांची चाचणी घेण्याची मुभा दिली. मिशिगन राज्यानें १९९९ सालीं सरसकट चाचणी सुरू केली. जिल्हा न्यायालयानें ती थांबविली. पुढें २००३ सालीं वरिष्ठ न्यायालयांत न्यायाधीशांचीं मतें समसमान पडल्यामुळें ती मनाई कायम राहिली.

खरी लढाई झाली ती फ्लोरिडांत. तेथें गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या कारकीर्दींत २०११ च्या जुलैपासून प्रत्येक अर्जदारावर मूत्रपरीक्षा लादण्यांत आली. तिचा खर्च प्रथम अर्जदारानेंच करावयाचा; निर्दोष ठरल्यास तो परत मिळावयाचा, दोषी ठरल्यास वर्षभर साहाय्य बंद. आरमारांतून निवृत्त झालेल्या एका विद्यार्थ्यानें, जो आपल्या लहान मुलाचा सांभाळ एकटाच करीत होता, चाचणी नाकारून न्यायालयाचें दार ठोठावलें. ऑक्टोबरांत न्यायाधीश मेरी स्क्रिव्हन यांनीं कायद्याला तात्पुरती मनाई केली. तोंवर ४,०४६ अर्जदारांची चाचणी झाली होती. त्यांपैकीं दोषी निघाले १०८, म्हणजे शेंकडा तिनाहूनही कमी. उरलेल्या ३,९३८ जणांना सरकारनें १,१८,००० हून अधिक डॉलर परत केले. कांहीं अर्जदार चाचणीला आलेच नाहींत. ते व्यसनीच असले पाहिजेत, असा समर्थकांचा तर्क. पण पदरीं पैसा नसणें, वाट दूर असणें किंवा मनाला तें लाजिरवाणें वाटणें, हींही कारणें संभवतात. टेंपलकालीन युक्तिवादाचाच हा नवा अवतार नव्हे काय?

डिसेंबर २०१४ मध्यें वरिष्ठ न्यायालयानेंही हा कायदा घटनाबाह्य ठरविला. १७९१ च्या चौथ्या घटनादुरुस्तीनें अकारण झडतीपासून नागरिकाला संरक्षण दिलें आहे. आगगाडीवरील कामगार व शाळांतील खेळाडू यांच्या बाबतींत अनुक्रमें १९८९ व १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अपवाद मान्य केले, ते विशेष धोका किंवा पालकत्वाची जबाबदारी पाहून. परंतु १९९७ सालीं जॉर्जिया राज्यांतील निवडणुकीच्या उमेदवारांवर लादलेली चाचणी त्याच न्यायालयानें रद्द केली. उमेदवाराला जें संरक्षण मिळालें, तें अर्जदाराला केवळ दारिद्र्यामुळें कां नाकारावें? दारिद्र्य हा कांहीं संशयाचा पुरावा नव्हे. त्यानंतर कित्येक राज्यांनीं सरसकट चाचणी टाळून, आधीं प्रश्नावली व मग संशयितांचीच परीक्षा, असा मार्ग धरला.

प्रतिपक्षाचें म्हणणें तुच्छतेनें उडवून देण्याजोगें नाहीं. करदात्याचा पैसा व्यसनांत जाऊं नये, आणि जो मजूर कर देतो त्यालाही कामावर चाचणी द्यावी लागते, मग साहाय्य घेणाऱ्यालाच सवलत कशी, हा सवाल प्रामाणिक आहे. पण करदात्याचा पैसा शेतमालकांना अनुदानरूपानें, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तिरूपानें व घरमालकांना करसवलतीच्या रूपानेंही जातो. त्यांच्यापुढें कोणी कांचपात्र धरीत नाहीं. व्यसनाची काळजी हेंच खरें कारण असतें, तर पहिला खर्च उपचारावर झाला असता. शिवाय, दोषी ठरलेल्या आईचें साहाय्य बंद झालें म्हणजे घरांतील चूल निम्मी विझते. मुलांचा वांटा दुसऱ्याच्या हातीं देण्याची तरतूद केली तरी घर एकच असतें.

वर्कहाऊसच्या भिंती कोसळल्या, टेंपलसाहेबांची मजुरी इतिहासजमा झाली. तरी मागणाऱ्यानें आधीं आपली निर्दोषता सिद्ध करावी, ही अपेक्षा दर पिढींत नवें साधन शोधून काढते. साधन जितकें शास्त्रीय, तितका तिच्यामागचा जुना संशय ओळखणें कठीण. म्हणून अशी कसोटी पुढें आली, कीं ती कोणाला लावली जाते आणि कोणाला वगळते, हें आधीं पाहावें.