वावटळीतील प्रेमिक

१८२४ सालचा ऑक्टोबर महिना. लंडनच्या स्ट्रँड भागातील एका साध्या बिऱ्हाडात विल्यम ब्लेक हा वृद्ध चित्रकार पाय भाजल्यामुळे अंथरुणास खिळला होता. अंथरुणावर ग्रंथ पसरलेले आणि पुढ्यात एक भली मोठी वही. जॉन लिनेल या तरुण चित्रकार मित्राने दिलेल्या त्या वहीत तो महाकवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’वर जलरंगांत चित्रे काढीत होता. मूळ काव्य कळावे म्हणून सदुसष्टाव्या वर्षी त्याने इटालियन भाषाही शिकावयास घेतली!

त्यातील एक चित्र नरकाच्या पाचव्या सर्गावर आहे. राव्हेन्नाची फ्रान्चेस्का राजकारणासाठी रिमिनीच्या मालातेस्ता घराण्यात दिली गेली. तिचे मन दिराशी, पाओलोशी, जडले. लान्सलॉटची प्रेमकथा दोघे मिळून वाचीत असता त्यांचा तोल गेला आणि पुढे पतीने दोघांचा वध केला. दान्ते त्यांना अखंड वावटळीत फिरण्याची शिक्षा देतो. पण तिची कहाणी ऐकून स्वतः मूर्च्छित पडतो. (पुढे दान्तेला अखेरचा आश्रय मिळाला तो राव्हेन्नास, फ्रान्चेस्काच्याच भाच्याकडे.)

ब्लेकने वावटळीचा प्रचंड वेटोळा रंगविला आहे. त्यात असंख्य देह वाहत आहेत. दान्ते भूमीवर निश्चेष्ट पडलेला, गुरू व्हर्जिल जवळ उभा, आणि ज्वालेसारख्या एका झोतात ते दोघे. व्हर्जिलच्या मस्तकावर मात्र एक तेजोगोल आहे आणि त्यात त्या प्रेमिकांचे आलिंगन! काव्यात हा तेजोगोल नाही. कवीने ज्याला पाप ठरविले, त्याला चित्रकाराने सूर्याचे आसन दिले. पापाच्या क्षमेला विरोध करणारा ग्रंथ ईश्वराचा नव्हे, अशा आशयाचे शब्द ब्लेकने याच मालिकेतील दुसऱ्या एका चित्रावर लिहून ठेविले आहेत. मला हा रोष काहीसा एकांगी वाटतो. दंड सांगताना जो कवी शुद्ध हरपतो, त्याला निर्दय कसे म्हणावे? तथापि ती मूर्च्छाही ब्लेकने चित्रातून वगळलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे.

१८२७ च्या ऑगस्टमध्ये ब्लेक वारला. एकंदर १०२ चित्रांपैकी कित्येक अपुरीच राहिली. लिनेलच्या वारसांनी १९१८ साली ती विकली. ३६ चित्रे दूर मेलबर्नला गेली, उरलेली इंग्लंड-अमेरिकेतील संग्रहालयांत वाटली गेली. वावटळीचे हे चित्र बर्मिंगहॅमच्या वाट्यास आले.