कराची ते मुंबई : नकाशावरील अंतर आणि प्रवासाचा काळ



नकाशावर फूटपट्टी ठेवून दोन शहरांमधील अंतर काढण्याचा पाठ मीं वर्गांत पुष्कळ वर्षें दिला. कराची व मुंबई यांमधील सरळ रेषेचें अंतर सुमारें ८७५ किलोमीटर भरतें. फूटपट्टीचें हें उत्तर कधींच बदलत नाहीं. इतिहासाचें उत्तर मात्र वेळोवेळीं बदलत आलें आहे.

इंग्रजांनीं १८४३ सालीं सिंध जिंकला व १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला. तेव्हांपासून १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षें, कराचीच्या कारभाराचीं सूत्रें मुंबईकडे होतीं. सिंधच्या शिक्षणखात्यांतील एक अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांचें नांव कराचींतील एका जुन्या सरकारी शाळेस दिलें गेलें. म्हणजे राज्य एक होतें. परंतु ताशीं बारा सागरी मैल चालणाऱ्या आगबोटीस हा सुमारें पांचशें सागरी मैलांचा प्रवास करावयास चाळीस तासांहून अधिक लागत.

पुढें १९२९ च्या मार्चमध्यें लंडन ते कराची विमानटपाल सुरू झालें. तें मुंबई व मद्रासपर्यंत पोंचविण्याचें काम टाटांच्या पेढीनें पत्करलें. दिनांक १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक लहानसें ‘पस मॉथ’ विमान उडविलें. त्यांत एकच इंजिन होतें, आणि वाटेंत बिनतारी संदेशाचें साह्य नव्हतें. अहमदाबादेस उतरून त्यांनीं पेट्रोल भरून घेतलें. त्याचे डबे बैलगाडींतून आणले होते! विमानाचें अन्न बैलांनीं वाहून आणावें, यांत त्या काळाचें सारें चित्र आलें. दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं विमान जुहूस उतरलें. अहमदाबादेवरून जाणारा हा मार्ग सुमारें १०३५ किलोमीटरांचा. मुक्काम धरून त्यास सव्वासात तास लागले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तेथून टपाल बळ्ळारीमार्गें मद्रासेस नेलें.

चाळीस तासांचे सात तास झाले. त्यानंतर जेट विमानें आलीं, आणि तोच पल्ला दीड तासाच्या आंत-बाहेर आला. प्रगतीची ही रेषा अशीच सरळ जाती, तर माझें भाषण येथेंच संपतें. परंतु १९४७ सालीं या दोन शहरांमध्यें सरहद्द आली. १९६५ व १९७१ सालीं युद्धें झालीं. आणि एप्रिल २०२५ मध्यें दोन्ही देशांनीं आपापलें आकाश परस्परांच्या विमानांस बंद केलें. अशा वेळीं तिसऱ्या देशाचा वळसा घेणाऱ्या प्रवाशाचा सारा दिवस खर्चीं पडतो. यंत्राचा वेग वाढला, आणि वाट मात्र लांबली!

या इतिहासांत एक दिवस मला विशेष मोलाचा वाटतो. पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. जुन्या धाटणीच्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानांतून एकटेच कराचीहून निघाले आणि अहमदाबादेवरून मुंबईस आले. सरहद्द तेव्हांही होती, युद्धांच्या आठवणीही ताज्या होत्या. तरी दोन्ही बाजूंनीं वाट दिली. विमान जुनें होतें. पण त्या दिवशीं कराची मुंबईपासून फूटपट्टी सांगते तेवढीच दूर होती.