तुंबलेले मूत्रपिंड पाहायचे कसे?

मूत्रवाहिनीत खडा अडकला की वरचे मूत्र तुंबते आणि मूत्रपिंड आतून फुगू लागते. फार दिवस तसेच राहिले तर ते कायमचे निकामी होते. पण पोट न फाडता हे कळावे कसे? १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, तरी प्रश्न सुटला नाही. हाड क्ष-किरण अडवते. मूत्र आणि भोवतीचे मांस मात्र त्यांना जवळजवळ सारखेच.

१९०६ मध्ये जर्मनीत फ्योल्कर आणि लिश्टेनबर्ग यांनी मूत्राशयातून नळी वर सरकवून चांदीचे कलिल मूत्रपिंडात भरले. चित्र उमटले, पण पुढे या पद्धतीने काही रोग्यांचे जीवही गेले.

पुढची वाट आडवळणाने सापडली. उपदंशाच्या रोग्यांना त्या काळी सोडियम आयोडाइड देत. त्यांचे मूत्र क्ष-किरणांत दिसते, हे १९२३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवले. आयोडिनचा अणू जड, म्हणून तो किरण अडवतो. पण चित्र फिकट येई. इकडे बर्लिनमध्ये बिंट्स आणि रेट जंतुनाशक म्हणून आयोडिनयुक्त संयुगे बनवत होते. त्यांचा हा दुसरा उपयोग मोझेस स्विक या तरुण अमेरिकी डॉक्टराने हेरला आणि १९२९ साली युरोसिलेक्टान आले. ते शिरेत टोचायचे, बाकीचे काम मूत्रपिंडानेच करायचे! श्रेय मात्र बराच काळ स्विक यांचे वरिष्ठ, म्हणजे तेच लिश्टेनबर्ग, घेऊन गेले. स्विक यांना न्याय मिळायला १९६० चे दशक उजाडले.

या युक्तीत एक मेख आहे. विद्यार्थ्यांना ती आधी न सांगता शोधायला लावावी. तुंबलेले मूत्रपिंड गाळतेच कमी, त्यामुळे द्रव्य तिथे उशिरा उतरते, कधी उतरतच नाही. जिथे गरज अधिक, तिथेच चित्र कोरे.

ध्वनीचे तसे नाही. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली श्राव्यातीत ध्वनीने पोटातील गाठी दाखवल्या. पुढे मूत्रपिंडाचीही पाळी आली. निव्वळ द्रवातून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून तुंबलेले मूत्र पडद्यावर काळे दिसते, मग मूत्रपिंड काम करो वा न करो. किरणांचा धोका नसल्याने गरोदर स्त्रीलाही ही तपासणी चालते. खडा मात्र आतड्यातील वायूआड लपू शकतो. सी. टी. स्कॅनला तो सहसा चुकत नाही, पण त्यात क्ष-किरणांची मात्रा बरीच.

मग आधी काय करावे? २०१४ साली अमेरिकेत २७५९ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. आधी सोनोग्राफी केल्याने गंभीर आजार निसटण्याचे प्रमाण वाढले नाही. काहींना नंतर सी. टी. लागला, इतकेच.

आणि फुगलेले प्रत्येक मूत्रपिंड तुंबलेलेच असते असेही नाही. गरोदरपणात, विशेषतः उजवे, आपोआपच थोडे फुगते. शंका उरलीच तर किरणोत्सारी द्रव्य आणि लघवी वाढवणारे औषध देऊन ते द्रव्य किती वेळात वाहून जाते, ते मोजतात.